खडी उपसल्यावर उरते ती माती

कोलोरॅडोत ब्यूना व्हिस्टाहून लेडव्हिलकडे गाडीने गेला असाल, तर आर्कान्सॉ नदीच्या काठाने पायऱ्यांसारखे सपाट टप्पे पाहिले असतील. काही ठिकाणी हे टप्पे कोरून खडी काढतात. आपल्याकडे खडी म्हटलं की काळ्या दगडाला सुरुंग आणि मग क्रशर. इथे ते काम बरंचसं हिमनद्यांनी करून ठेवलंय. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी त्यांनी डोंगरातले ग्रॅनाइटसारखे खडक भरडले आणि वितळलेल्या पाण्याने तो माल धुऊन खोऱ्यात पसरला. बारीक गाळ पुढे वाहून गेला, गोटे आणि वाळू मागे राहिली. काँक्रीटला असाच धुतलेला माल लागतो. झाडाला मात्र जो गाळ वाहून गेला, तोच हवा असतो.

अशा खाणीची उभी कड नीट पाहा. वर जेमतेम वीतभर काळपट थर आणि खाली नुसते गोटे. वाऱ्याने आणलेली धूळ, गवताची मुळं, बुरशी, जिवाणू अशी हजारो वर्षांची सगळी कमाई त्या वीतभर थरात असते. खडी काढताना पहिल्यांदा खरवडला जातो तो हाच.

आता समजा खाण बंद झाली आणि तिथे रोपं लावायची आहेत. तळातला नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल वाचताना इथे हमखास फसगत होते, कारण प्रयोगशाळा नमुना आधी २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळते आणि आकडे फक्त खाली पडलेल्या मातीचे देते. जमिनीत आकारमानाने ६०% गोटे असतील, तर अहवालातलं नत्र उरलेल्या ४०% भागापुरतंच आहे. कागदावर ‘मध्यम’ दिसणारी जमीन मुळांच्या दृष्टीने कंगाल असू शकते.

पाण्याचंही तेच. जाडी वाळू आपल्या आकारमानाच्या साधारण ५% एवढंच पाणी झाडासाठी धरून ठेवते. वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये ६०% गोटे धरले, तर हिशोब होतो ६ मिलिमीटर पाण्याचा. उन्हाळ्यात दिवसाला ४-५ मिलिमीटर सहज उडून जातं, म्हणजे दीड दिवसाची बेगमी! तेवढ्याच खोलीची चांगली पोयट्याची माती ५० मिलिमीटरच्या आसपास पाणी धरते. ब्यूना व्हिस्टाला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून पडतं सुमारे २५ सेंटिमीटर, तेव्हा हा फरक रोपाच्या जिवावर बेततो.

गंमत म्हणजे याच खाणीच्या तळाशी कधीकधी पाण्याची डबकी साचतात. अवजड ट्रक फिरून तळ दाबला जातो आणि खडी धुतलेला गाळ फटींत बसतो. मुळं अशा थरात शिरत नाहीत, आडवी पसरतात. म्हणून माती पसरण्याआधी तळ खोल नांगरून फोडावा लागतो. हे काम टाळून वर कितीही चांगली माती टाकली, तरी ती कुंडीतल्या मातीसारखीच राहते.

कोलोरॅडोत १९७६ पासून खाणींच्या पुनर्वसनाचा कायदा आहे. जमीन पूर्ववत करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी दिल्याशिवाय परवाना मिळत नाही. वरची माती वेगळी काढून ठेवणं त्यातच येतं. पण ठेवली म्हणजे जगली असं नाही. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. मुळांना अन्न-पाणी मिळवून देणारी बुरशी तिथे यजमान झाडाविना हळूहळू संपते. ढीग बुटका, त्यावर गवत पेरलेलं आणि शक्य तितक्या लवकर वापरलेला असावा. माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे खाणीच्या एका भागातली माती काढून लगेच दुसऱ्या, संपलेल्या भागात पसरणं.

नत्र कमी आहे ना, मग युरिया टाकू, असं तुमच्यातला शेतकऱ्याचा नातू म्हणेल. जरा थांबा. सहज मिळणाऱ्या नत्राचा फायदा आधी चीटग्राससारखं परकं तण उचलतं, सावकाश वाढणारी स्थानिक गवतं मागे पडतात. काही ठिकाणी तर मुद्दाम लाकडाचा भुसा मिसळतात. तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र तात्पुरतं अडकवून ठेवतात आणि तणाची उपासमार होते. नत्र सावकाश वाढवायचं तर ल्युपिनसारख्या शेंगवर्गीय वनस्पती बऱ्या.

अशा जागी शनिवारी रोपं लावायला बोलावणं आलं, तर जरूर जा. आयोजकांना एवढं विचारा: तळ फोडला आहे का, आणि वरची माती किती वर्षं ढिगात होती? पहारही बरोबर न्या, फावडं तिथे फारसं चालत नाही.