डोस म्हणजे नेमके किती?



काही वर्षांपूर्वीची, ऐन खरिपातली गोष्ट. एका गावात शिवारफेरी चालू होती. एका बांधावर वडीलधारे गृहस्थ डोक्याला हात लावून बसलेले दिसले. सोयाबीन जागच्या जागी खुंटलेले, शेंड्याची पाने पिवळी पडलेली. तण मेले होते खरे, पण त्याबरोबर पिकानेही मान टाकली होती.

“तात्या, काय मारलंत?” मी विचारले.

“तणनाशक, साहेब. अन् पत्रकात सांगितल्याबरहुकूमच मारलंय. मराठी अक्षर लई बारीक, म्हणून आमच्या धाकटीनं इंग्रजी बाजू वाचली. नववीला आहे ती. म्हणाली, डोस हजार मिली. एकराला हजार मिली घातलं. माझं चुकलं कुठं?”

पोर शेजारीच उभी होती, रडवेली झालेली. तिच्या हातून मी पत्रक घेतले. आकडा तिने बरोबर वाचला होता. परंतु त्या आकड्याच्या वर लिहिले होते, ‘डोसेज पर हेक्टर’. म्हणजे हजार मिली, पण हेक्टरी! हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, आपले अडीच एकर. एकराला हवे होते ४०० मिली आणि पडले हजार. सरळ अडीचपट.

त्या मुलीला इंग्रजी येत नव्हते असे नाही. पण ‘डोस’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे, की त्याच्यापाशी थांबून विचार करावा असे कोणालाच वाटत नाही. फसगत होते ती तिथेच.

शब्द मुळात कुठला?

डोस हे इंग्रजीतले नाम ग्रीक भाषेतून आले. तिथे त्याचा अर्थ ‘देणे’. भाषेचे जाणकार सांगतात, की ग्रीकांचा तो धातू आणि आपल्या संस्कृतातला ‘दा’ हे एकाच कुळातले. म्हणजे डोस हा आपल्या ‘दान’ आणि ‘देणे’ या शब्दांचा लांबचा भाऊबंदच म्हणायचा. अर्थ असा, की एका वेळी मोजून द्यायचा हिस्सा. बाटलीतले सगळे औषध म्हणजे डोस नव्हे.

आपल्याकडे याला ‘मात्रा’ हा उत्तम शब्द आहे. बाळगुटी देणारी आजी आठवा. सहाणेवर कशाचे किती वेढे घ्यायचे, ते ती बाळाचे वय पाहून ठरवते. “दोन वेढे जास्त घे, म्हणजे लवकर गुण येईल,” असे ती कधी म्हणत नाही. शेतात मात्र आपण नेमके तेच करतो. शेजाऱ्याने दोन झाकणे घातली, तर आपण तीन घालतो!

एक डोस, दोन डोस

आता थोडे व्याकरण पाहू. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. मराठीत आपण ‘तो डोस’ म्हणतो. एक दगड, दोन दगड, तसेच एक डोस, दोन डोस. अनेकवचनात शब्द बदलत नाही. इंग्रजीत मात्र बदलतो. एक असेल तर ‘डोस’, एकाहून अधिक असतील तर ‘डोसेस’. म्हणून पत्रकात ‘डोसेस’ दिसले, की समजावे, हे काम एका वेळेचे नाही.

पुढे आणखी एक खुबी आहे. ‘सिक्स्टी किलोग्रॅम्स इन टू डोसेस’ म्हणजे एकूण ६० किलो, दोन वेळा विभागून. प्रत्येक वेळी ३०. पण ‘टू डोसेस ऑफ सिक्स्टी किलोग्रॅम्स’ म्हणजे प्रत्येक वेळी ६०, एकूण १२०. शब्द तेच, जागा बदलली आणि खत दुप्पट झाले.

बागायती गव्हाचे उदाहरण घ्या. शिफारस आहे हेक्टरी १२० किलो नत्राची. त्यातले निम्मे पेरणीला आणि निम्मे २१ दिवसांनी पहिल्या पाण्याच्या वेळी. हे १२० किलो दोन डोसांत आहे, दर डोसाला १२० नव्हे. शिवाय हे नत्र आहे, युरिया नव्हे. युरियात नत्र ४६ टक्केच असते, हेही ध्यानात असावे.

‘डोसेज’ हा त्याच घरातला दुसरा शब्द. डोसेज म्हणजे ठरवून दिलेले प्रमाण. किती द्यायचे आणि कितीदा द्यायचे याचा नेम. त्या प्रमाणातून एका वेळी प्रत्यक्ष दिला जातो तो डोस.

चार प्रश्न विचारा

‘डोस’ हे नाम कधी एकटे उभे राहत नाही. मागे-पुढे सोबती असले तरच त्याला अर्थ येतो. म्हणून तो शब्द दिसला, की चार प्रश्न विचारावेत.

१. कशाचा? पत्रकाच्या तक्त्यात बहुधा दोन आकडे असतात, एक क्रियाशील घटकाचा आणि दुसरा बाटलीतल्या तयार औषधाचा. औषध १० टक्क्यांचे असेल, तर पहिल्या रकान्यात १०० ग्रॅम आणि दुसऱ्यात १००० मिली असू शकते. आपण मापायचे ते दुसऱ्या रकान्याप्रमाणे.

२. किती? ग्रॅम की मिली, ते पाहावे. झाकणाने मापू नये, मोजपात्र वापरावे.

३. कशाला? हेक्टरला, एकराला, की लिटर पाण्याला? इंग्रजीतला ‘पर’ हा शब्द बोट ठेवून शोधावा.

४. कितीदा? आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, तेही त्याच तक्त्यात असते.

आता पंपाचा हिशेब. हेक्टरी १००० मिली औषध आणि ५०० लिटर पाणी सांगितले असेल, तर एकराला ४०० मिली औषध आणि २०० लिटर पाणी. लिटरला २ मिली झाले. १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली. पंप आणि नोझल बदलले, की एकराला लागणारे पाणी बदलते. एकराचे औषध मात्र तेवढेच राहते. म्हणून आधी साध्या पाण्याने फवारून आपला पंप एकराला किती पाणी घेतो ते पाहावे, मगच पंपाचे माप ठरवावे.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. त्याला अनेक कारणे होती. डोक्यापर्यंत वाढलेला कापूस, औषधांची मनमानी मिश्रणे, अंगावर पुरेसे संरक्षण नसणे. पण माप सोडले की धोका वाढतो, हे कोणत्याही औषधाला लागू आहे. बाटलीवरचा चौकोनही पाहत जा. त्यात लाल रंग असेल तर औषध अतिशय विषारी. पिवळा, निळा, हिरवा या क्रमाने विषारीपणा उतरत जातो. पण हिरवे म्हणजे निर्धोक, असे मुळीच नाही.

तात्यांच्या सोयाबीनने पुढे मान वर काढली, पण उतारा घटला तो घटलाच. मी त्या मुलीला म्हटले, “बाळ, तुझे वाचन चुकले नाही. अर्धेच वाचलेस, इतकेच.” पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेले दिसले: ‘कशाचा? किती? कशाला? कितीदा?’

आपल्याही घरी शाळेत जाणारे मूल असेलच. त्याच्याकडून एवढे चार शब्द जिथे औषध ठेवता तिथे लिहवून घ्या. आणि शंका आली, तर पंप खांद्यावर घेण्याआधी विचारा. औषध एकदा पडले, की ते परत उचलता येत नाही.