ओले चुंबकीय विलगीकरण

ओले चुंबकीय विलगीकरण ही पाण्यात मिसळलेल्या खनिजचूर्णातील घटक त्यांच्या चुंबकीय गुणधर्मांतील फरकाच्या आधारे वेगळे करण्याची भौतिक पद्धत आहे. लोहखनिजाची प्रत वाढवणे, काच व चिनीमातीच्या कच्च्या मालातील लोह काढणे आणि कोळसा धुण्यासाठी वापरलेले मॅग्नेटाइट परत मिळवणे हे तिचे प्रमुख उपयोग आहेत. महाराष्ट्राच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील जांभा, बॉक्साइट आणि नद्यांतील काळी वाळू या तिन्हींत लोहयुक्त खनिजे आढळतात. मात्र त्यांतील लोह वेगवेगळ्या रूपांत असल्याने तिन्हींसाठी एकच उपकरण उपयोगी पडत नाही.

तत्त्व

चुंबकीय वर्तनानुसार खनिजांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. मॅग्नेटाइट साध्या चुंबकाकडेही जोराने ओढले जाते. हेमॅटाइट, गोएथाइट, इल्मेनाइट व क्रोमाइट ही खनिजे क्षीण चुंबकीय असून त्यांना ओढण्यासाठी तीव्र क्षेत्र लागते. क्वार्ट्झ, कॅल्साइट व गिब्साइट ही व्यवहारात अचुंबकीय मानली जातात.

कणावरील चुंबकीय बल त्याची चुंबकीय ग्रहणशीलता, त्याचे आकारमान, क्षेत्राची तीव्रता आणि अंतरानुसार त्या तीव्रतेत होणारा बदल यांवर अवलंबून असते. वाहत्या पाण्याचा ओढा व गुरुत्व या बलाला विरोध करतात. कणाचा व्यास निम्मा झाल्यास चुंबकीय बल एक-अष्टमांश होते, तर त्याच वेगाच्या पाण्याचा ओढा साधारण निम्माच होतो. त्यामुळे अतिसूक्ष्म कण पकडणे अवघड असते. अशा कणांसाठी क्षेत्र तीव्र करण्याबरोबरच त्यात थोड्या अंतरावर मोठा फरक निर्माण करावा लागतो.

कोरड्या पद्धतीत बारीक कण एकमेकांना चिकटतात व धूळ उडते. पाण्यात ते सुटे राहतात. म्हणून साधारण १ मिलिमीटरपेक्षा बारीक दळलेल्या मालासाठी सामान्यतः ओली पद्धत निवडली जाते.

उपकरणांचे प्रकार

कमी तीव्रतेचे पिंप विलगक: यात फिरणाऱ्या अचुंबकीय पोलादी पिंपाच्या आत स्थिर चुंबक बसवलेले असतात. पृष्ठभागावरील क्षेत्र सामान्यतः ०.१ ते ०.२ टेस्ला असते. ही यंत्रे मॅग्नेटाइटसाठी योग्य असून कायमचुंबकांमुळे त्यांना वीज कमी लागते. पिंपाखालील टाकीतील प्रवाहाच्या दिशेनुसार त्यांचे तीन उपप्रकार होतात. पिंपाच्या फिरण्याच्या दिशेने प्रवाह असलेली टाकी जाड मालासाठी वापरतात. पिंप प्रवाहाच्या उलट फिरते अशा टाकीत चुंबकीय माल वाया जाण्याचे प्रमाण कमी असते. प्रतिप्रवाही टाकी बारीक मालापासून अधिक शुद्ध सांद्र मिळवण्यासाठी वापरली जाते.

उच्च तीव्रतेचे विलगक: यात विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये खाचांच्या पट्ट्या, सळ्या किंवा जाळ्या बसवतात. त्यांच्या कडांजवळ क्षेत्र एकवटते व क्षीण चुंबकीय कण तेथे अडकतात. क्षेत्र साधारण १ टेस्ला किंवा त्याहून अधिक असते. जोन्स विलगक हा या वर्गातील प्रसिद्ध प्रकार आहे.

उभ्या चक्राचे स्पंदनयुक्त विलगक: यात अडकलेले कण चक्राच्या वरच्या भागात उलट दिशेच्या पाण्याने धुऊन काढतात. पाण्याच्या स्पंदनांमुळे चुंबकीय कणांमध्ये गुंतलेली माती सुटते आणि पट्ट्या किंवा सळ्यांचा भाग तुंबण्याचे प्रमाण घटते.

निवडीचे निकष

उपकरण निवडण्यापूर्वी खनिजाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करून लोह कोणत्या खनिजात आहे आणि दळल्यानंतर त्याचे कण किती प्रमाणात सुटे होतात हे पाहिले जाते. मॅग्नेटाइटच्या प्रमाणाचा अंदाज डेव्हिस नळी चाचणीतून येतो. माल मिश्र असल्यास आधी कमी तीव्रतेच्या पिंपाने मॅग्नेटाइट काढून घेतात. अन्यथा ते उच्च तीव्रतेच्या यंत्रात घट्ट अडकून मार्ग बंद करते. त्यानंतर मालाचा कमाल आकार, ताशी टनांतील क्षमता, वीज, पाणी व अपेक्षित शुद्धता यांचा विचार होतो. सांद्राची शुद्धता वाढवताना बहुधा काही उपयुक्त खनिज वाया जाते, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील खनिजे

दोन्ही जिल्ह्यांचा पाया दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टचा आहे. बेसाल्टमधील टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे दाणे झिजेमुळे कृष्णा व कोयनेच्या वाळूत येतात, म्हणून वाळूत चुंबक फिरवल्यास काळे कण चिकटतात. कमी तीव्रतेचे पिंप हे दाणे सहज वेगळे करू शकते. मात्र टायटॅनियम मॅग्नेटाइटच्या स्फटिकातच सामावलेले असल्याने ते चुंबकाने निराळे होत नाही. केवळ चुंबकाला चिकटते म्हणून ही वाळू लोहखनिज ठरत नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याचे थर असून त्यांत ठिकठिकाणी बॉक्साइट आढळते. महाबळेश्वर परिसरात पूर्वी धावड लोक जांभ्यातील लोहखनिजापासून भट्टीत लोखंड काढीत. जांभ्यातील लोह मुख्यतः हेमॅटाइट व गोएथाइटच्या रूपात असल्याने त्यावर साध्या पिंपाचा प्रभाव पडत नाही. उच्च तीव्रतेचे यंत्र लागते. तेही लोहाचे कण गिब्साइटपासून सुटे झाले असतील तरच उपयोगी ठरते. गोएथाइटच्या स्फटिकात शिरलेले ॲल्युमिनियम कोणत्याही चुंबकाने वेगळे होत नाही. लोहखनिजाचे नियंत्रित भाजणीने मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर करून नंतर पिंप वापरणे हा पर्याय आहे, पण त्यात इंधनाचा खर्च वाढतो.

पाणी व पर्यावरण

वजनाने ३० टक्के घन असलेल्या मिश्रणात १ टन खनिजामागे सुमारे २.३ टन पाणी असते. ताशी ५० टन खनिज हाताळणाऱ्या संयंत्रातून ताशी सुमारे ११७ घनमीटर पाणी फिरते. घट्टक टाक्यांतून त्यातील बराच भाग परत मिळतो. उर्वरित पाणी ओल्या गाळाबरोबर जाते. माण, खटाव, आटपाडी व जत हे पूर्वेकडील तालुके अवर्षणप्रवण असल्याने तेथे पाण्याचा पुनर्वापर हा निवडीचा निर्णायक निकष ठरतो. पश्चिमेकडे पाऊस मुबलक असला, तरी तेथे कास पठार, कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. या तिन्हींचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत झालेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत आहे.

पश्चिम घाटातील कर्नाटकच्या कुद्रेमुख येथे मॅग्नेटाइटयुक्त खनिजाचे मोठ्या प्रमाणावर सांद्रण केले जात होते व टाकाऊ गाळ लख्या धरणात साठवला जात होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेथील खाणकाम २००५ च्या अखेरीस थांबले. तांत्रिकदृष्ट्या योग्य उपकरण असले, तरी गाळाची व पाण्याची व्यवस्था आणि खाणीचे स्थान यांवरही अशा प्रकल्पाचे भवितव्य अवलंबून असते.