भूमिदान विद्यापीठ म्हणजे काय?

बीदरच्या नंदीनगरातल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर पाहिला की, भूमिदान विद्यापीठ म्हणजे इमारतींसाठी सरकारी जमीन मिळालेली संस्था, असे वाटणे साहजिक आहे. मूळ कल्पना निराळी. अमेरिकेच्या १८६२च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या त्या मुख्यतः विकण्यासाठी. आलेली रक्कम गुंतवून तिच्या व्याजावर शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालये चालवायची. शेत विकून बँकेत ठेव ठेवावी आणि व्याजातून मुलांची फी भरावी, तसेच हे.

भारताने जमीनविक्री घेतली नाही. घेतली ती कामाची पद्धत. अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य (नवे ज्ञान गोठ्या-शिवारापर्यंत नेणे) एकाच संस्थेकडे. अशी विद्यापीठे पंतनगरला १९६० मध्ये आणि बंगळूरला १९६४ मध्ये सुरू झाली.

याच पद्धतीचे बीदरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ २००४च्या कायद्याने आले. शेतीचे शिक्षण मात्र वेगळ्या विद्यापीठाकडे: कलबुर्गीचे कृषी महाविद्यालय रायचूरच्या कृषी विद्यापीठाकडे आहे.