गळ्यातील ग्रंथी आणि हृदयाची धमनी

आमच्या नगर-संगमनेरकडे बिडी वळणाऱ्या बायांना मजुरी मिळते ती हजार बिड्यांमागे. त्यांतली एखादी मंदावते, तिला थंडी सोसत नाही, तोंड सुजते, आवाज घोगरा होतो; आणि घरचे-दारचे मिळून तिला आळशी ठरवतात. आम्हीही पूर्वी तसेच समजत होतो.

गळ्यात पुढच्या बाजूस थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिचा स्राव कमी पडला की यकृत रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल पुरेसे उचलीत नाही. ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत साचू लागते. (तंबाखूचा दोष यातून सुटत नाही, तो वेगळा!)

इंग्लंडात डॉ. जॉर्ज मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका बाईस उभे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. आता गोळी मिळते, आणि टी.एस.एच. या रक्ततपासणीने रोग कळतो. मात्र हृदय आधीच अधू असेल तर एकदम पूर्ण मात्रा देत नाहीत. हृदयाचे काम वाढते, अरुंद धमनीला तितके रक्त पुरवता येत नाही, आणि छातीत कळ येते. म्हणून डॉक्टर थोडक्यापासून सुरुवात करून, रक्त तपासत, मात्रा वाढवतात.