मुसाफिराचा हक्क

रमजानचे रोजे कोणावर बंधनकारक आहेत, हे आपल्या गावातल्या बहुतेकांना ठाऊक असते. कोणाला त्यातून सवलत आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणूस आणि मुसाफिर यांचा उल्लेख एकत्रच येतो. प्रवासात असलेल्याने रोजा ठेवला नाही तरी चालते. राहिलेले दिवस नंतर भरून काढायचे. जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांतही शेवटचे नाव मुसाफिराचेच आहे. त्याला 'इब्नुस्सबील' म्हटले आहे, म्हणजे वाटेचा पुत्र. घरी तो श्रीमंत असेलही, पण वाटेत अडकला असेल तर समाजाच्या पैशात त्याचा वाटा आहे.

सवलत असली तरी रेल्वेच्या डब्यात रोजेदार दिसतातच. जालना ते छत्रपती संभाजीनगर रोज ये-जा करणारे विद्यार्थी, कामगार, खंडपीठात तारखेला निघालेले पक्षकार यांच्यात ते असतात. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत इफ्तारची वेळ झाली की रोजा कोणत्या गावाच्या वेळेने सोडायचा, हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर सोपे आहे. सूर्य मावळताना आपण जिथे असू, तिथली वेळ खरी. नांदेड हे संभाजीनगरच्या साधारण दोन रेखांश पूर्वेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे नांदेडला सूर्य सुमारे आठ मिनिटे आधी मावळतो. पूर्वेकडे निघालेल्या रोजेदाराला खजूर थोडा लवकर मिळतो. मनमाडकडे निघालेल्याला तेवढाच सबर जास्त करावा लागतो. समोरच्या बाकावरून कुणीतरी 'चाचा, झाली का वेळ?' असे विचारते आणि पाण्याची बाटली पुढे करते. खजुराची पुडीही एकट्यासाठी उघडत नाही.

ही गाडी ज्या रुळांवरून धावते, ते निजामाच्या काळातले. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे 1899 ते 1901 च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तेव्हा ती मीटरगेज होती. मराठवाड्याला ब्रॉडगेजसाठी 1990 चे दशक उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली, त्यासाठी आंदोलने करावी लागली. रूळ रुंद झाले, तरी मार्ग एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर एकीला स्थानकातल्या बाजूच्या रुळावर थांबावे लागते. मागून वेगवान गाडी आली तरी तेच. थांबायची पाळी बहुतेक वेळा पॅसेंजरचीच येते. 'क्रॉसिंग आहे' एवढे ऐकले की डब्यातला माणूस समजून घेतो. त्याला दुसरा पर्याय नसतो.

पॅसेंजरची गरज लहान स्थानकावर कळते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ घनसावंगी तालुक्यात आहे. गावाला रेल्वे नाही; बाहेरगावचा भाविक परतूरला उतरतो आणि पुढे रस्त्याने जातो. 1608 साली रामनवमीला जन्मलेले समर्थ कोवळ्या वयात जांब सोडून नाशिकजवळच्या टाकळीला गेले आणि तिथल्या साधनेनंतर बारा वर्षे देशभर पायी फिरले. आज परतूरहून मनमाडमार्गे नाशिकला गाडीने जाता येते. गेल्या दोन वर्षांप्रमाणे यंदाही ईदनंतर आठवडाभरातच रामनवमी आहे. ईदला घरी परतणारा कामगार आणि रामनवमीला जांबकडे निघालेला भाविक यांना एकाच स्वस्त तिकिटाची, एकाच साध्या डब्याची गरज आहे.

ही गाडी बंद पडली की काय होते, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. 22 मार्च 2020 रोजी देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले 20 मजूर भुसावळकडे पायी निघाले. तिथून गावाकडे जाणारी गाडी मिळेल, एवढीच त्यांना आशा होती. रात्रभर चालून थकल्यावर त्यांच्यातले काही जण करमाडजवळ रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. मालगाड्या मात्र सुरू होत्या. 8 मे रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली आणि 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. त्या दिवशी शुक्रवार होता, रमजानचा चौदावा रोजा. आपल्या घरांत सहरी आटोपून, फजरची नमाज होऊन थोडाच वेळ झाला होता. वाटेचे पुत्र आपल्याच वाटेवर गेले.

पुढे गाड्या सुरू झाल्या, पण 'विशेष' या नावाने. पॅसेंजरचे किमान भाडे 10 रुपयांवरून 30 रुपये झाले. जुने भाडे परत यायला 2024 चा फेब्रुवारी संपत आला. मोलमजुरी करणाऱ्याला रोजच्या प्रवासात हे 20 रुपये म्हणजे एका वेळच्या भाजीचे पैसे.

आता चांगल्या बातम्याही आहेत. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या मार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. 31 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संभाजीनगर-परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणालाही मान्यता दिली. या सगळ्याचे स्वागतच आहे. वंदे भारत रांजणीसारख्या स्थानकावर थांबणार नाही, आणि थांबावी असा आग्रहही नाही. वेगवान गाडीचे काम वेगळे आहे.

मागणी एवढीच आहे की दुसरा रूळ पडल्यावर जी जागा मोकळी होईल, तिच्यात हळू गाडीचाही वाटा असावा. जालना ते संभाजीनगर आणि जालना ते परभणी सकाळ-संध्याकाळ प्रत्येक स्थानकावर थांबणारी लोकल धावावी. बदनापूर, करमाड, रांजणी, परतूर, सेलू इथला विद्यार्थी, भाजीवाली, कामगार वेळेवर पोचावा. दुहेरीकरण मंजूर झाले की काम संपले असे समजू नये. नव्या मार्गाचे वेळापत्रक ठरेल, तेव्हा प्रवासी संघटनांनी, लोकप्रतिनिधींनी आणि आपण सर्वांनी हे लावून धरायला हवे.

जकात हे दान नाही, घेणाऱ्याचा तो हक्क आहे, असे रमजानमध्ये आपण वारंवार ऐकतो. मुसाफिराचा हक्कही असाच आहे. खजूर आणि पाणी डब्यातली माणसे एकमेकांना देतातच. स्वस्त, वेळेवर येणारी आणि आपल्या गावाला थांबणारी गाडी देणे हे सरकारचे काम आहे.