कपाटाचे दार व राउटरची बिटे
धान्याची पारख वरच्या मुठीवरून करू नये, हे आम्ही पेढीवर शिकलो. परंतु स्वयंपाकघराची कपाटे करविताना तो धडा विसरलो. पहिल्याच पावसाळ्यात एका दाराची चौकट सांध्यात उकलली व ते सूनबाईंच्या पायाशी कोसळले. जाणत्या सुताराने कारण दाखविले : खाच व जीभ बेजोड बिटांनी कापल्यामुळे सांधा सैल राहिला, आणि मधली सागवानी फळी सरसाने जखडल्यामुळे तिला फुगण्यास वाव उरला नाही. सबब खाच व जीभ यांची जुळती जोडीच घ्यावी. धार कार्बाइडची, दांडा अर्ध्या इंचाचा असावा. खाच सुमारे १० मिलिमीटर खोल ठेवावी. सरस केवळ सांध्यास लावून फळी मोकळी सोडावी. बिटांत केलेली काटकसर आम्हांस दुप्पट महाग पडली. सभासद बंधूंनी ती टाळावी.