कलमाची जात आणि विक्रेत्याचा शब्द

मृगाचा पाऊस पडला की गावोगावच्या रोपवाटिकांत गर्दी होते. निवृत्तीला टेकलेले शिक्षक, गावाकडे दोन-चार गुंठे राखून असलेले कारकून, नवे घर बांधलेली कुटुंबे आंबा-नारळाची रोपे घेऊन परततात. अशाच एका शिक्षकाने पाच वर्षांपूर्वी हापूसची म्हणून सहा कलमे नेली. पावती मागताच 'रोपांची कसली पावती, गुरुजी!' असे हसून उत्तर मिळाले. उन्हाळ्यात घागरीने पाणी घालून ती वाढवली. यंदा प्रथमच फळ धरले, आणि ते आंबट, रेषाळ, निव्वळ रायवळ निघाले.

गुरुजी दोन फळे पिशवीत घालून रोपवाटिकेत गेले, तेव्हा त्यांना कोणी बसायलाही सांगितले नाही. प्रथम मातीला दोष देण्यात आला, मग पाण्याला. अखेरीस 'ही आमचीच कलमे कशावरून?' असा प्रश्न आला. या शेवटच्या प्रश्नाला गुरुजींपाशी उत्तर नव्हते, कारण पावती नव्हती.

माती आणि पाणी यांनी फळाचा आकार वा गोडी कमी-अधिक होईल; हापूसचा रायवळ होत नाही. कलम म्हणजे दोन झाडांचा सांधा. खाली कोयीपासून वाढवलेला खुंट, वर निवडक झाडाची काडी. वरची काडी मेली आणि खुंटाला फूट आली, तर झाड जोमाने वाढते, पण फळ खुंटाचे येते. कधी काडीच भलत्या झाडाची असते. वीतभर रोपाची पाने पाहून त्याची जात छातीठोकपणे सांगणे जाणत्यालाही अवघड असते. प्रत्येक वेळी विक्रेता लबाडच असतो असेही नाही. पुष्कळदा त्याने स्वतःच ती रोपे दुसऱ्याकडून शब्दावर घेतलेली असतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही साधी फसवणूक नव्हे, बाजारपेठेची दुखरी जागा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक व ग्राहकास अज्ञात असेल, तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. या विचाराच्या गौरवार्थ २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. रोपवाटिकेत नेमके हेच घडते. जो प्रामाणिक माणूस मातृवृक्ष जोपासतो आणि मेलेल्या कलमांचा तोटा सोसतो, त्याचे रोप महाग पडते. ग्राहकाला दोन्ही रोपे सारखीच दिसतात. तो स्वस्त ते उचलतो. मोटारीचा दोष निदान काही दिवसांत कळतो; आंब्याचा कळायला चार-पाच वर्षे लागतात.

कायदा नाही असे नाही. फळरोपवाटिकांच्या नियमनासाठी महाराष्ट्राने १९६९ सालीच कायदा केला. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली आणि कलमांची मागणी फार वाढली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा; त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. विकलेल्या मालाची पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घेण्याची मुदत पावतीवर नसेल, तर ती तीस दिवसांची धरली जाते. मात्र तीस दिवसांत आंब्याला धड नवी पालवीही फुटत नाही. कायदा दिवस मोजतो आणि झाड वर्षे मोजते, ही खरी अडचण आहे.

म्हणून रोपाच्या पावतीवर केवळ किंमत असून भागणार नाही. जात, खुंट, काडी कोणत्या बागेतील, कलम केव्हा बांधले, एवढे चार तपशील तीवर हवेत. ते लिहिण्यास प्रामाणिक विक्रेत्याला काहीच खर्च नाही. अप्रामाणिकाला मात्र ते महाग पडतील. ग्राहकानेही कलमाचा सांधा पाहून घ्यावा, सांध्याखालची फूट वेळोवेळी काढावी आणि पावतीविना रोप उचलू नये.

गुरुजींचे नुकसान सहा कलमांच्या किमतीएवढे नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाची पाच वर्षे त्यात गेली आणि ती कोणताही ग्राहक आयोग परत देऊ शकत नाही. पण सारेच गेलेले नाही. वाढलेल्या रायवळ झाडावर खात्रीच्या हापूसची काडी बांधून त्याची जात पालटता येते; रुजलेली मुळे वाया जात नाहीत. रोपवाटिकेने चूक मान्य करून कलमे बांधणारा एखादा कारागीर गुरुजींकडे एक दिवस धाडला असता, तरी पुष्कळ भरपाई झाली असती. एका दिवसाची ती मजुरी वाचवण्यासाठी रोपवाटिकेने एक गिऱ्हाईक गमावले, आणि गुरुजींच्या शाळेतील सारे सहकारीही.